बाळाच्या नावावर

नातीला नऊ महिने पूर्ण झाले आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलगा-सून तिला घेऊन बंगळूरहून साताऱ्याला आले. स्वतःच्या गाडीने, वाटेत हुबळीला मुक्काम करून. आठ दिवसांची रजा. आल्या आल्या मुलाने जाहीर केलं, एक दिवस सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं. मोबाइलवर यादीसुद्धा तयार! सकाळी सज्जनगड, मग ठोसेघर, दुपारी कास, आणि "वेळ उरला तर" महाबळेश्वर.

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं. दरवर्षीची सहल बहुतेक माझ्याच गळ्यात पडायची. "वेळ उरला तर" असं ज्या सहलीच्या कागदावर लिहिलेलं असतं, ती रात्री अकराला परत येते हे मला चांगलं ठाऊक आहे. शिवाय सज्जनगडाला पायऱ्या. ठोसेघरचा धबधबा डिसेंबरात रोडावलेला. कासची फुलं पावसाळ्याच्या शेवटी, तेव्हा आता तिथे वाळलेलं गवत बघायचं. आणि महाबळेश्वर म्हणजे घाटाची वळणं, मागच्या सीटवर नऊ महिन्यांचं बाळ. मी मनातल्या मनात सगळ्या यादीवर काट मारली.

पण खरी अडचण वेगळीच होती. हे म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळतो."

घर काय सांभाळायचंय? गेली पंचेचाळीस वर्षं ते कुलूप लावून जागच्या जागीच आहे! पण मला कारण माहीत होतं. मुलाला नव्हतं.

२०२३ मध्ये ह्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. तेव्हापासून सकाळी एक लघवीची गोळी असते. ती घेतली की दोन-तीन तास बाथरूमच्या जवळपास राहावं लागतं. घरी काही प्रश्न नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये कराडला एका लग्नाला गेलो, तेव्हा ह्यांनी ती गोळी गुपचूप डबीतच ठेवली. दिवसभर पाणीही प्यायले नाहीत. कार्यालयात "घ्या ना, सरबत घ्या" म्हणणाऱ्यांना हसून हात जोडत राहिले. मला वाटलं, पथ्य! दुसऱ्या दिवशी पाय सुजले, रात्री आडवं पडलं की दम लागायला लागला. औषधांच्या डबीत बुधवारच्या कप्प्यात ती गोळी तशीच. डॉक्टर फार रागावले. आणि हे डॉक्टरांना म्हणाले काय, तर "गाडी दुसऱ्याची होती, सारखं थांबवायला कसं सांगणार?"

त्या रात्री मला एकदम प्रतापगड आठवला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट असेल. एसटीच्या दोन गाड्या करून सहल नेलेली. गड चढताना सातवीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. विचारलं तर सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. "का गं?" तर मान खाली घालून म्हणाली, "बाई, मधेच लागली तर?" मग कळलं, वर्गातल्या निम्म्या मुलींनी तेच केलं होतं. गाडीत शिक्षक होते, ड्रायव्हर-कंडक्टर होते, कोण सांगणार? त्यानंतर कोणतीही सहल आखताना मी किल्ला नंतर ठरवायची. आधी वाटेत स्वच्छ बाथरूम कुठे आहे ते शोधायची आणि तिथे कुणीही न मागता गाडी थांबवायची. "सगळ्यांनी उतरा, पाय मोकळे करा!" एवढंच म्हणायचं. कुणाला का ते सांगायचं नाही.

सातवीतल्या मुलीसाठी जे केलं ते सत्त्याहत्तर वर्षांच्या नवऱ्यासाठी करायला मला एवढा वेळ लागावा, याची जरा लाजच वाटली. असो.

तर मी वही काढली. आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, त्या एका दिवशी गोळी सकाळऐवजी परत आल्यावर घेतली तरी चालेल, पण चुकवायची नाही आणि पाणी ठरलेलं तेवढं प्यायचंच. (हे आमच्यापुरतं. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावं, माझं ऐकून करू नये.) मग जागा ठरवली. एकच: वाईजवळची मेणवली. साताऱ्याहून पाचवड फाट्यावर वळायचं, एक तासाचा रस्ता, घाट नाही. आणि वाईत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. तिला फोन करून स्पष्टच विचारलं, "तुझ्याकडे कमोड आहे का?" ती दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "आहे बाई, सासूबाईंसाठी बसवलाय. धरायला दांडीपण आहे." माझा जीव भांड्यात पडला. दुपारी दोन तास एक खोली दे, स्वयंपाक अजिबात करू नकोस, एवढं बजावलं.

वेळापत्रक बाळानेच करून दिलं. ती सकाळी साडेनऊच्या सुमाराला झोपते आणि पुन्हा दीड वाजता. हेही दीड वाजता झोपतात! दोघांचं जेवणही सारखंच, मऊ भात आणि वरण. मीठ दोघांनाही वर्ज्य, तिला वयामुळे आणि ह्यांना डॉक्टरांमुळे (ह्यांना चिमूटभर मिळतं). साडेनऊला निघायचं, तिची झोप गाडीत होईल. तोवर धुकं आणि गारठाही जातो.

ह्यांना मी फक्त एवढंच म्हटलं, "बाळाला सारखं थांबावं लागणार आहे. रांगत रांगतच जायचंय. चला." हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मफलर कुठे ठेवलाय?"

बाळाच्या पिशवीत दुपटी, दोन झबली, डायपर, नाचणीच्या सत्त्वाचा डबा. सगळ्यात तळाला ह्यांचा एक पायजमा. तो लागला नाही, पण तो तिथे आहे हे माहीत असल्याने मी निर्धास्त होते. निघताना थोडी वादावादी झाली ती बाळाच्या खुर्चीवरून. माझं म्हणणं, मांडीवर घेते. सून म्हणाली, "आई, जोरात ब्रेक लागला तर हातात धरून बाळ थांबत नाही." खरं आहे ते. तिला खुर्चीत बांधलं आणि मी शेजारी बसून तिचा पाय धरून ठेवला.

पाचवडला मी म्हटलं, "थांबव रे, बाळाचं बघायला हवं." मुलगा आरशात बघून म्हणाला, "ती तर गाढ झोपलीय!" "उठेल," मी म्हटलं. हॉटेल बरं होतं, बाथरूम आधीच चौकशी केलेलं. हे "मी जरा पाय मोकळे करतो" म्हणून उतरले. परत आले ते बाटली काढून पाणी पीतच. मुलाच्या काही लक्षात आलं नाही. सुनेच्या आलं असावं.

मेणवली म्हणजे नाना फडणविसांचा वाडा आणि मागे कृष्णेवरचा दगडी घाट. 'स्वदेस' (२००४) पाहिलेल्यांना तो घाट ओळखू येईल. वाडा आम्ही बाहेरूनच बघितला. घाटावर मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र. मी शाळेच्या सहलीत मुलींना ती कितीदा दाखवली असेल! यावेळी सून बाळाला घेऊन तिच्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही बाळं एकमेकांकडे बघत राहिली.

हे खाली आले नाहीत. घडीची खुर्ची नेली होती, ती वर सावलीत मांडली. मुलगा सारखा वर बघायचा. शेवटी न राहवून वर गेला आणि म्हणाला, "बाबा, मी धरतो, चला ना. एवढं आलोय." हे म्हणाले, "मला इथनं दिसतंय." मग सुनेने बाळ आणून त्यांच्या मांडीवर दिलं. खाली बायका कपडे धूत होत्या. धोपटण्याचा आवाज आला की बाळ दचकायचं आणि हे तिला सांगायचे, "धप्प!" पाऊण तास हाच खेळ. मुलाने एकदा घड्याळ बघितलं. दुसऱ्यांदा नाही बघितलं, तो पायरीवर बसून राहिला.

विद्यार्थिनीने अर्थातच स्वयंपाक केला होता. घरात शिरता शिरता मी मोठ्याने म्हटलं, "आधी बाळाचं आवरायचंय, बाथरूम दाखव." तिने सगळ्यांनाच दाखवलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. जेवून आजोबा आणि नात एकाच खोलीत पावणेदोन तास झोपले. मुलगा-सून तेवढ्यात ढोल्या गणपतीला जाऊन आली. आम्ही बाई आणि विद्यार्थिनी तिच्या सासूबाईंबरोबर ओट्यावर बसून हळू आवाजात गप्पा मारत होतो.

साडेतीनला निघालो. पाचवड जवळ आलं तेव्हा मी काही म्हणायच्या आत मागून सून म्हणाली, "अहो, थांबवा. बाळाला थांबायचंय." बाळ टक्क जागं, खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत होतं. ह्यांनी पुढच्या सीटवरून मागे वळून सुनेकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही.

पाचच्या आत घरी. गोळी मी हातात दिली आणि गिळेपर्यंत उभी राहिले.

रात्री वहीत पुढच्या वेळेसाठी टिपणं करून ठेवली: निघणं साडेनऊ, पाचवड, कमोड आहे, दांडी आहे, उन्हाची टोपी विसरले. सकाळी वही उघडली तर खाली ह्यांच्या अक्षरात एक ओळ होती. "घडीच्या खुर्च्या दोन घ्याव्यात. तूही वर बस."