थिएटरचा मॅनेजर नेमकं करतो काय?

परवा अंधेरीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये ऐन क्लायमॅक्सला पडदा काळा झाला. आधी शिट्ट्या, मग शिव्या... तेवढ्यात टाय लावलेला एक माणूस थेट पडद्यापुढे येऊन उभा राहिला. "सर्व्हर रीस्टार्ट करतोय, दहा मिनिटं लागतील. थांबायचं नसेल त्यांना पैसे परत." पब्लिक चक्क गप्प! आमचा सर्व्हर झोपला की आम्ही ईमेलमागे लपतो.

घरी येताना रिक्षात त्याच्या कामांची यादीच केली. सिनेमा हल्ली एन्क्रिप्टेड फाइलमधून येतो. तिची डिजिटल चावी ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक मुदतीतच चालते. ती वेळेत आली नाही तर फोनाफोनी यानेच करायची. शिवाय शोंचं वेळापत्रक, पॉपकॉर्नचा हिशेब, एसी, बाथरूमची सफाई... हे सगळं शिकता येतं हो.

पण १३ जून १९९७. दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये 'बॉर्डर' चालू असताना आग लागली, ५९ माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची एक वाट अडवलेली होती. जादा खुर्ची म्हणजे जादा तिकीट. अशा वेळी "साहेब, ही खुर्ची काढा" असं मालकाला तोंडावर सांगणं, ही मॅनेजरची खरी नोकरी. पब्लिकसमोर उभं राहणं त्यापेक्षा सोपं असावं.

गेल्या महिन्यात टेस्टिंग अर्धवट असताना मी साहेबांना "हो, करू रिलीज" म्हणालो होतो. असो. हल्ली थिएटरात शिरलो की आधी एक्झिटचं दार बघतो.