डावखुरी गिटार

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने मराठीलाच नावे ठेवू नयेत, हे मला कळते. पण एका बाबतीत या भाषेने उघड पक्षपात केला आहे. उजव्या हाताच्या माणसांनी ती आपल्या सोयीने घडवली आहे. दोघांत जो सरस तो ‘उजवा’. देवाने होकार दिला की उजवा कौल, नकार दिला की डावा. एखाद्याला मुद्दाम बाजूला सारायचे तर त्याला ‘डावलायचे’. आणि मुलीचे लग्न करून देणे म्हणजे तिला ‘उजवणे’! हा शेवटचा प्रयोग वर्गात समजावून सांगताना मी पूर्वी सहज हसत असे. आता हसता येत नाही. माझी एकुलती एक मुलगी जन्मजात डावखुरी आहे. तिने गिटारीचा ध्यास घेतल्याची बातमी गावात पसरली, तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, “सर, पोरीला उजवायचं बघा आता. गिटार कशाला घेऊन बसलात?”

आमची पाली म्हणजे बल्लाळेश्वराची पाली नव्हे. ती रायगड जिल्ह्यात. आमची पाली बीडजवळची, सोलापूर-धुळे रस्त्यावरची, बिंदुसरेच्या धरणाशेजारची. या गावाला सूर माहीत आहे तो पेटीचा, टाळांचा आणि पखवाजाचा. माझे वडील, अण्णा, भजनी मंडळात चाळीस वर्षे पेटी वाजवीत आले आहेत. नातीला त्यांनीच सुरांची अक्षरओळख करून दिली. पेटीचे एक बरे असते. भाता कोणत्या हाताने हलवायचा आणि पट्ट्यांवर कोणता हात फिरवायचा, याबद्दल ती फारशी तक्रार करीत नाही. मुलगी डाव्या हाताने वाजवू लागली. अण्णांनी पाहिले आणि काही बोलले नाहीत. आई मात्र बोलली. तिच्या मते देवापुढच्या वाद्याला डावा हात लावणे म्हणजे उष्ट्या हाताने नैवेद्य वाढणे. त्यावर अण्णांचे उत्तर ठरलेले असे: “अगं, आपल्या देवघरातला गणपती डाव्याच सोंडेचा आहे. उजव्या सोंडेचा घरात झेपत नाही म्हणून तूच सांगतेस ना?” अष्टविनायकांतही उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचाच, ही पुरवणी मी जोडीत असे. आई दोघांकडेही दुर्लक्ष करीत असे.

मग कॉलेजातल्या एका मैत्रिणीची जुनी गिटार घरात आली, आणि खरी अडचण तेव्हा कळली. ती गिटार अर्थातच उजव्या हाताची होती. मुलीने तारा काढून उलट्या क्रमाने चढवल्या आणि ती उलटी धरली. तुम्ही म्हणाल, झाले की काम! मलाही तसेच वाटले होते. पण गिटार हे दिसते तितके दोन्हीकडून सारखे वाद्य नाही. घोडीवर जी हाडाची पट्टी असते, ती बारकाईने पाहिली तर तिरपी बसवलेली दिसते. जाड तारेला किंचित अधिक लांबी मिळावी म्हणून ती तशी असते. तारा उलटल्या की हा तिरपेपणा नेमका उलटा पडतो आणि वरच्या पडद्यांवर स्वर खोटे लागू लागतात. खुंट्यांखालच्या पट्टीतल्या खाचाही जाड-बारीक तारांप्रमाणे कोरलेल्या. त्या उलट झाल्या की जाड तार खाचेत बसत नाही आणि बारीक तार खुळखुळते. आत पोटाला दिलेल्या आधाराच्या पट्ट्यासुद्धा दोन्ही अंगांना सारख्या नसतात. वरचे पडदे गाठण्यासाठी अंगाला दिलेली खाच भलत्या बाजूला येते. अण्णांनी दोनच मिनिटे ऐकले. “खालचं बरं आहे, वर गेलं की बेसूर होतंय,” ते म्हणाले. त्यांना गिटारीतले काही कळत नव्हते, पण कान त्यांचे होते.

आता येथे एक समंजस सल्ला मिळतो, आणि तो आम्हालाही मिळाला. बीडमध्ये गिटार शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले, “गिटारीला दोन्ही हात लागतातच. मग उजव्या हाताचीच शिकव. दुकानात पाहिजे ती गिटार मिळेल, खर्चही वाचेल.” या सल्ल्यात तथ्य नाही असे नाही. मार्क नॉफ्लर डावखुरा असून उजव्या पद्धतीनेच वाजवतो. उलट पॉल मॅकार्टनी डावीच वाजवतो. जिमी हेन्ड्रिक्सने उजव्या गिटारी उलट्या करून, तारा बदलून वाजवल्या. एलिझाबेथ कॉटन या अमेरिकेतल्या बाईंनी तर तारासुद्धा बदलल्या नाहीत. उलट्या गिटारीवर अंगठ्याने वरचे स्वर आणि बोटांनी खर्ज वाजवीत त्यांनी स्वतःची एक शैलीच उभी केली. म्हणजे दाखल्यांवरून निर्णय करायचा तर कोणताही करता येतो.

निर्णय दाखल्यांवरून झालाच नाही. तो माझ्या उजव्या हाताकडे पाहून झाला. मीही डावखुराच. पण पहिलीच्या वर्गात डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी बसली आणि मी उजव्या हाताने लिहू लागलो. ते गुरुजी वाईट नव्हते. त्या काळी सगळेच तसे करीत. आज फळ्यावर माझे अक्षर बरे दिसते. पण चेंडू मी डाव्या हाताने फेकतो, कुलूप डाव्या हाताने उघडतो, आणि घाईत काही लिहायचे झाले की लेखणी धरण्यापूर्वी क्षणभर दोन्ही हात थबकतात. चाळिशी उलटली तरी हे थबकणे गेलेले नाही. सुरात तो क्षण चालत नाही. मुलीच्या बाबतीत मला तो नको होता.

पैशांची मर्यादा होती पंचवीस हजारांची. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासून जमलेले मानधन आणि वर थोडी भर. मुंबई, पुणे, संभाजीनगर अशा दुकानांना मी दूरध्वनी केले. “डावखुरी? मागवावी लागेल.” किती दिवस? “सांगता येत नाही.” एकाने अधिक आपुलकीने सांगितले, “उजवी घ्या, तारा उलट्या करून देतो.” मी त्यांना तिरप्या पट्टीची गोष्ट सांगितली. ते गप्प झाले. त्यांचाही दोष नाही. शंभर गिऱ्हाइकांत पाच-दहा डावखुरी. त्यांच्यासाठी माल अडकवून कोण ठेवणार?

आणि नुसती डावी गिटार असून भागणारे नव्हते. आमच्याकडे गाणे होते ते सप्ताहात आणि काकड आरतीला. तिथे पखवाज असतो, पंचवीस टाळ असतात आणि कर्णा असतो. साध्या गिटारीचा आवाज त्यात शेजाऱ्यालाही ऐकू जाणार नाही. तेव्हा लाकडी पोटाची, पण विजेवर आवाज मोठा करता येईल अशी गिटार हवी. ही युक्ती मोठी गमतीची आहे. घोडीच्या पट्टीखाली एक चपटी फीत दडवलेली असते. तारेच्या कंपनाचा दाब तिच्यावर पडला की त्यातून वीज निर्माण होते. पिएर आणि झाक क्यूरी या दोघा भावांनी १८८० साली पॅरिसमध्ये स्फटिकांचा हा गुण दाखवून दिला. ‘क्यूरी’ म्हटल्यावर आपल्याला रेडियम आठवते. पण स्वयंपाकघरातला टचकन ठिणगी पाडणारा गॅसचा लायटर याच गुणावर चालतो. हे कळल्यावर आईचा गिटारीबद्दलचा दृष्टिकोन किंचित निवळला. लायटर ती रोज वापरते, आणि कोणत्याही हाताने. १९६६ साली अमेरिकेत ज्यांनी ‘ओव्हेशन’ गिटारींचा कारखाना काढला, ते चार्ल्स कॅमन हेलिकॉप्टर बनवणारे इंजिनिअर होते. विजेची गिटार आणि लाकडी गिटार यांचा संसार लावून देण्यात त्यांच्या कारखान्याचा वाटा मोठा.

माझी धाकटी बहीण जर्मनीत न्यूरेंबर्गला असते. तिथून तासाभराच्या वाटेवर ट्रेपेनडॉर्फ नावाचे खेडे आहे. पालीसारखेच खेडे, पण तिथे १९५४ सालापासून थोमान यांचे वाद्यांचे दुकान आहे, आणि ते आज युरोपातल्या सर्वांत मोठ्या वाद्यदुकानांत मोडते. बहीण एका शनिवारी तिथे गेली आणि फोनवर म्हणाली, “दादा, इथे डाव्या गिटारींची वेगळी भिंतच आहे रे!” ही भिंत मी पाहिलेली नाही. पण तो फोन ऐकताना मुलीचा चेहरा मी पाहिला.

पुढचा महिना हिशेबात गेला. दुकानातून थेट पालीला पार्सल मागवले, तर तिथला विक्रीकर वाचतो, पण एवढ्या मोठ्या खोक्याचे टपाल आणि इकडची जकात धरून आकडा तीस हजारांच्या पुढे जात होता. शिवाय पार्सल चुकून बल्लाळेश्वराच्या पायाशी जाण्याची धास्ती! बहिणीने भेट म्हणून पाठवावी, तर पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना जी सवलत होती ती २०१९ च्या डिसेंबरात गेली. राखीला ती ठेवली आहे. भावाकडून बहिणीकडे काय जाते याचा सरकारने विचार केलेला नाही, बहिणीकडून भावाला राखी मात्र येऊ शकते. शेवटी सरळ मार्ग उरला: ती दिवाळीला येताना आपल्या सामानातून आणील. प्रवाशाला ठराविक किमतीपर्यंतचे सामान जकातीशिवाय आणता येते, आणि आमची गिटार त्या मर्यादेत आरामात बसत होती. विक्रीकर परत मिळेल का, म्हणून मी विचारले. पण ती तिथलीच रहिवासी, म्हणून ती सूट तिला नाही.

निवड करताना बापलेकीत मतभेद झाला. जाणकार सांगतात की वरचा तक्ता अखंड लाकडाचा असावा. पातळ थर चिकटवून केलेला तक्ता हलका समजावा. मुलीला अखंड हवा होता. मी म्हटले, आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवेत ओल म्हणून राहत नाही. त्यात ट्रेपेनडॉर्फचा देवदार तडकला तर दुरुस्त कोण करणार? थरांचा तक्ता तितका नाजूक नसतो. शिवाय घोडीखालची फीत मुख्यतः तारेचेच ऐकते, तक्त्याचे कमी. कर्ण्यातून वाजवायचे तर तक्त्याच्या खानदानाला किती किंमत द्यायची? ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीला तिने स्वतःच फोन केला. “आत्या, थरवालीच घे. पण तारा पडद्यांपासून फार उंच नाहीत ना, ते वाजवून बघ. आणि बाराव्या पडद्यावर स्वर खरा लागतो का, तेही.” बहिणीला गिटार येत नाही. तिने दुकानातल्या माणसाला वाजवायला लावून ते फोनवरून ऐकवले. पालीच्या ओसरीवर अण्णा कानाला फोन लावून बसले होते. त्यांनी तीन गिटारी नापास केल्या आणि चौथीला मान हलवली.

ती चौथी १९० युरोंची. तेव्हाच्या भावाने सतरा-अठरा हजार. बरोबर खोळ, तारांचा जादा संच, विजेची दोरी. पंचवीस हजारांच्या आत सगळे बसले.

मोठ्या गिटारींच्या पाठीला आणि पडदेपट्टीला शिसव वापरतात, आणि ते पुष्कळदा आपलेच असते. अमेरिकेतल्या मार्टिन कारखान्याला ब्राझीलचे शिसव मिळेनासे झाले, तेव्हा १९६९ पासून तो भारतीय शिसवाकडे वळला. २०१७ साली शिसवाच्या सर्व जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तेव्हा गिटारीबरोबर कागदपत्रे हिंडू लागली. तयार वाद्यांना त्यातून २०१९ च्या नोव्हेंबरात सूट मिळाली. तेव्हा आपले लाकूड परदेशी जाऊन गिटार होऊन परत येते. तारांचे उलटे. जर्मनीतल्या रोझ्लाऊची पोलादी तार आपल्या सतारींवर चढते. असे सगळे येणे-जाणे चालूच आहे, आणि पेटी तरी कुठली? तीही युरोपातूनच आली आणि आज तिच्यावाचून भजन होत नाही.

बहीण वसुबारसेला आली. विमानात सैल केलेल्या तारा मुलीने हळूहळू ताणल्या. गिटारीच्या खांद्यावर स्वर दाखवणारे एक छोटे यंत्र आहे. स्वर बरोबर लागला की हिरवा दिवा लागतो. सहाही हिरवे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला देवळात अण्णांची पेटी सुरू झाली, काळी एकची. मुलीने पहिल्या पडद्यावर चाप लावला, तो जुळला नाही. ती चपापली. अण्णांची पेटी जुनी. तिचे सूर जगाच्या मोजमापापेक्षा थोडे चढे आहेत. “यंत्र बाजूला ठेव,” अण्णा म्हणाले, “पेटीला लाव.” तिने खुंट्या पिळल्या. यंत्रावर सहाही दिवे तांबडे झाले आणि गिटार पेटीत मिसळली.

आई खांबाला टेकून बसली होती. आरती झाल्यावर नात पुढे आली, तेव्हा गिटार तिच्या उजव्या हातात होती. आईने प्रसादाची वाटी मागे घेतली. “ती खाली ठेव आधी,” म्हणाली, “आणि उजवा हात पुढे कर.”