थोडे पाथेय, लांब किनारा

परीक्षा आटोपल्या, दुकानातील हंगाम ओसरला, की अनेक घरांत हल्ली एकच विषय निघतो. पदवी घेतलेला नातू किंवा नोकरीला लागलेली लेक पाठीवर एक पिशवी टाकून थायलंडची बेटे, बाली, व्हिएतनाम असा प्रवास करू इच्छिते. मोठे हॉटेल नको, सहलीची कंपनी नको. स्वस्त खोली, बोट, बस आणि पायी भटकंती. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र दोन चिंता पडतात. पहिली खर्चाची आणि दुसरी आहाराची. परमुलखात सूर्यास्तापूर्वी शुद्ध जेवण कोण देणार? ही चिंता अनाठायी नाही आणि तरुणांची ओढही अनाठायी नाही. परदेशी समुद्र ओलांडण्याआधी या दोहोंची परीक्षा घ्यायची असेल, तर मुंबईच्या समोरच पसरलेला रायगडचा किनारा हे उत्तम ठिकाण आहे. येथे बेटे आहेत, लाँच आहेत, उजाड झालेली प्राचीन बंदरे आहेत. विशेष म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वी खिशात फारसे काही नसलेला एक परदेशी व्यापारी याच किनाऱ्यावर उतरला होता.

त्याचे नाव अफानासी निकितिन. रशियातील त्वेर या नगराचा तो व्यापारी. माल घेऊन तो व्होल्गा नदीमार्गे निघाला. परंतु नदीच्या मुखाजवळ, आस्त्रखानपाशी, लुटारूंनी त्याचा माल लुटला. हात हलवीत परतणे म्हणजे देणेकऱ्यांच्या दारात उभे राहणे. त्याने पुढची वाट धरली. बाकू, इराण असे मजल-दरमजल करीत तो होर्मुझला पोहोचला. हिंदुस्थानात चांगले घोडे निपजत नाहीत आणि तेथे घोड्याला मोठी किंमत येते, असे ऐकून त्याने एक घोडा घेतला. तो जहाजावर चढवून मस्कत, दीव, खंबायत या मार्गाने सुमारे १४६९ साली तो चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला आला तो १४९८ साली, म्हणजे त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. निकितिनपाशी ना राजाज्ञा होती, ना आरमार. सारे भांडवल एका घोड्यात गुंतलेले होते.

व्यापारी घराण्यातील वाचकांना पुढील हकीकत परकी वाटणार नाही. चौलहून घाट चढून तो जुन्नरला गेला. तेथील अधिकाऱ्याने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. निकितिन बधला नाही. अखेर एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला. वर्षभर दाणावैरण घालून तो बिदरला विकला गेला. चारापाण्याचा खर्चही त्याने लिहून ठेवला. आपल्या देशात खपेल असा माल येथे नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण जकाती जबर आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. ऐकीव बातमीवर पैसा गुंतवला की काय होते, याची ही स्पष्ट कबुली आहे.

या प्रवाशाने आणखी एक गोष्ट टिपली. येथील लोक मांस खात नाहीत, मासळीही नाही. दिवसातून दोनदा जेवतात, रात्री जेवत नाहीत आणि मद्य पीत नाहीत, असे त्याने नमूद केले आहे. त्याचे निरीक्षण सर्व हिंदी लोकांना सरसकट लागू पडणारे नव्हते, हे उघड आहे. तरीही रात्रिभोजनाचा त्याग परक्या माणसाच्या डोळ्यांत भरण्याइतका त्या काळी ठळक होता, हे वाचून जैन वाचकांना समाधान वाटावे. स्वतः निकितिनही परमुलखात आपले उपवास आणि सणवार सांभाळण्यासाठी धडपडत होता. पंचांग हरवल्यामुळे त्याला तिथी कळेनाशा झाल्या, याची खंत त्याच्या लेखनात वारंवार येते. दूर गेलेला माणूस आपले नियम कसे जपतो, हा प्रश्न तेव्हाही होता.

आजच्या प्रवाशाची वाट मुंबईतून निघते. गेटवेवरून मांडव्याला किंवा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जावे. काही लाँचसेवांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसची सोय असते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून वाहनेही नेणारी रो-रो सेवा आहे. पण पाठीवर पिशवी असलेल्याला वाहनाचे ओझे कशाला? हाताशी जादा दिवस असेल, तर आधी गेटवेवरून घारापुरीला जाऊन यावे. १९८७ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या या लेण्यांचे बेट रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यात आहे. लेणी सोमवारी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला पायवाटेच्या टोकावर येतो. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात त्याचे काम सुरू झाले आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते प्रमुख ठाणे बनले. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून कालची वेळ आज चालत नाही. स्थानिक कोळ्यांना विचारूनच पाण्यात पाऊल टाकावे आणि वेळेत परतावे. याच गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदींना बाधा पोहोचेल, हे ओळखून १९०४ साली ती येथे उभारली गेली.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारी एसटी आक्षी, नागाव आणि चौल या वाड्यांच्या गावांतून धावते. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, मधून विहिरी आणि कौलारू घरे. आक्षीचा शके ९३४ चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. आद्य लेखाच्या मानाबाबत त्याच्या जोडीला ज्या दुसऱ्या लेखाचे नाव घेतात, तो श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांपाशी कोरलेला आहे. एक कोकणच्या किनारी, दुसरा कर्नाटकातील तीर्थक्षेत्री. मराठीचा आरंभ शोधताना या दोन्ही ठिकाणी जावे लागते.

चौल आज शांत गाव आहे. पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी ज्याचा उल्लेख करतात आणि दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी जेथे येऊन गेला, ते हे बंदर. पुढे खाडीच्या मुखाशी, रेवदंड्याला, पोर्तुगीजांनी तटबंदी उभारली. १७४० मध्ये ती मराठ्यांकडे आली. खाडी गाळाने भरत गेली, मुंबईचे खोल बंदर वाढत गेले आणि व्यापार तिकडे वळला. पेढी बुडायला नेहमी दरोडाच पडावा लागतो असे नाही. पाण्याची खोली कमी झाली तरी पुरते. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात निकितिनचे साधे स्मारक आहे. १९५७ साली त्याच्या प्रवासावर ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला होता, हे जुन्या पिढीतील काहींना आठवत असेल.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई, काशीद, नांदगाव करीत मुरूड येते. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमिश्रित बोली अजून बोलली जाते. मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाता येते. चहूकडे खारे पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. सिद्दींचे हे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. तेथून आगरदांड्याच्या जेटीवरून दिघीला उतरले, की दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर ही अखेरची टप्प्याची गावे.

आता जमाखर्च. या मार्गावर एसटी हाच स्वस्त आधार आहे. राज्यात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. ओळखपत्र जवळ हवे. म्हणजे आजी आणि नात मिळून निघाल्या, तर तिकिटाचा भार नगण्य होतो. राहण्यासाठी वाडीतील घरगुती खोल्या मिळतात. जेवणासाठी घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगितले, तर कांदा-लसूण व कंदमुळाविना आमटी, कच्च्या केळ्याची भाजी आणि तांदळाची भाकरी पाच वाजेपर्यंत पानात पडू शकते. दिवेआगरला उकडीचे मोदकही मिळतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जैन प्रवाशाने त्याच्या सुबक वेण्या डोळ्यांनी पाहून पुढे जावे! खाकरा, चिवडा, सुकी चटणी आणि उकळलेल्या पाण्याची बाटली पिशवीत असली, की अडचण उरत नाही.

काटकसर कोठे करू नये, हेही ठरवून निघावे. होडीत जीवरक्षक जाकीट मागून घालावे. गर्दीने भरलेली होडी सोडून द्यावी. काशीदचा किनारा मोहक आहे, पण तेथील लाटा ओढून नेतात. खोल पाण्यात उतरू नये. होडीवाल्याशी आणि खानावळीच्या बाईंशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये. त्यांचा हंगाम आठ महिन्यांचाच असतो.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँच आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद राहतात. साधुसाध्वी चातुर्मासात एके ठिकाणी स्थिर राहतात, त्याच दिवसांत समुद्रही वाट अडवून धरतो. निकितिनलाही पावसाळ्यात जुन्नरला थांबावे लागले होते. पुढे दाभोळ बंदरातून तो परत निघाला. पण घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याला मृत्यू आला. नफा झाला नाही, माल उरला नाही. उरल्या त्या वह्या. त्या व्यापाऱ्यांनी १४७५ साली मॉस्कोला पोहोचवल्या, म्हणून चौलचा तो काळ आज कळतो.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. यात्रा सुरू होतात, समुद्र निवळलेला असतो, हवा कोरडी होते. घरातील तरुणांनी बालीचे तिकीट काढण्याआधी त्या दिवसांत चार दिवस हा किनारा पायाखाली घालावा आणि शक्य तर घरातील एका वडीलधाऱ्याला सोबत न्यावे. पिशवीत एक लहान वही असावी. एका पानावर रोजचा खर्च लिहावा, समोरच्या पानावर त्या दिवशी काय पाहिले ते. परतल्यावर ती वही घरात सर्वांना वाचून दाखवावी. परदेशाच्या परवानगीचा विचार मग तिच्या आधारे करता येईल.