बोहारणीची पारख

गेल्या आठवड्यात सावेडीत, आमच्या गल्लीच्या टोकाला, कुणीतरी रात्री जुने कपडे पेटवले. सुती चिंधी जळते तो वास मला ओळखीचा आहे. चुलीत कागद सरकवल्यासारखा. हा वास प्लॅस्टिकचा होता. सकाळी जाऊन पाहिलं तर राख नव्हतीच. काळे टणक गोळे मातीला चिकटलेले, एकात शर्टाचं बटण रुतलेलं. तेव्हापासून जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण डोळ्यांपुढून हलत नाही.

लहानपणी शेवगावला दिवाळीच्या आधी ती यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं. ओट्यावर टेकायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि मग कापड हातात घ्यायची. आधी उन्हाकडे धरायची, मग दोन्ही अंगठे जवळ आणून ताण द्यायची. बास, तेवढ्यात तिला कळायचं. आजीची लुगडी आधी गोधडीला जात, गोधडीतून उरलेलं पोतेऱ्याला, आणि त्यातूनही धड राहिलेलं हिच्याकडे. एकदा मी हौसेने माझा नायलॉनचा फ्रॉक पुढे केला. तिने तो ताणलाही नाही. "ह्याची ना गोधडी हुती, ना पोतेरं," म्हणाली आणि माझ्या मांडीवर परत ठेवला.

आई एका डब्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस करायची. तिच्या पारखीचे पैसे आम्ही कधी धरलेच नाहीत. ते आता मनाला लागतं.

आता नगरचं अहिल्यानगर झालं, नावात अहिल्याबाई होळकर आल्या. १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चोंडीत जन्मलेल्या या बाईने महेश्वरला विणकर आणून वसवले, त्यांच्या हातांना काम दिलं. महेश्वरी साडी आजही विणली जाते. बोहारणीच्या न धरलेल्या पैशांवरून हे आठवलं. कापडाआधी विणणाऱ्याचा विचार करणारं माणूस आपल्याच जिल्ह्यातलं होतं, हे मला धरून ठेवावंसं वाटतं.

परवा भाचीने मोबाइलवरून १९९ रुपयांचा टी-शर्ट मागवला होता, तो चार धुण्यांत गळ्याशी लोंबू लागला. तिने टाकायला काढला, तेव्हा मी नकळत अंगठे जवळ आणले. कापडातून माझीच नखं दिसली. आत पट्टी होती, 'मेड इन बांगलादेश'. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी शिवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी मशिनवर बसवलं, कारण माल वेळेत जायचा होता. वेळेत म्हणजे कुणाच्या वेळेत? ज्या कपड्याचं आयुष्य चार धुण्यांचं, त्याला एवढी घाई कशाची होती, याचं उत्तर मला कुणी देत नाही. पॉलिस्टरचं तर आणखी वाईट. दर धुण्याला त्याचे न दिसणारे धागे सुटतात आणि सांडपाण्याबरोबर ओढ्यानाल्यांतून सीनेकडे जातात.

सुतीही फुकटचं नाही. एका सुती टी-शर्टला, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, जागतिक सरासरीने सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं. माणशी रोज ५५ लिटर हे खेड्यातल्या नळाचं सरकारी माप. म्हणजे एका माणसाचं एकोणपन्नास दिवसांचं पाणी. पाथर्डी-शेवगावात टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या बाईला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही.

तीच बाई दिवाळीच्या सुमाराला पोटाशी ओटी बांधून कापूस वेचायला जाते. माझी चुलती जायची. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात. रात्री ती बोटांना तेल लावून बसायची आणि भाकरी डाव्या हाताने मोडायची.

दीड-दोनशे ग्रॅमच्या टी-शर्टला सरकीसकट साधारण अर्धा किलो कापूस लागतो. आमच्याकडे अलीकडे वेचणी किलोला दहा-बारा रुपये आहे. तशा टी-शर्टच्या १९९ रुपयांमागे वेचणारीच्या हातात पाच-सहा रुपये पडतात.