थंडीतले पाहुणे आणि कॅमेरा



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, वाल-हरभरा-मसूर पेरली, की आपल्या मावळात दोन तऱ्हेचे पाहुणे येऊ लागतात. एक पंखांनी येतात. दुसरे पुण्या-मुंबईहून, गळ्यात कॅमेरे अडकवून. या दोघांची भेट नीट कशी व्हावी, याबद्दल आज थोडे बोलू.

मुंबईकडची ही मंडळी थंडीत ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी टिपायला जातात. खाडीचा काही भाग २०१५ साली त्या पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला उतरतात. आपल्याकडे समुद्र नाही. पण पवना धरणाचे पाणी दिवाळीनंतर हळूहळू मागे सरते आणि काठाला ओल्या गाळाची पट्टी मोकळी होते. तीच इथल्या पक्ष्यांची पंगत! शेपटी वरखाली हलवणारा धोबी, काठाने तुरुतुरु धावणारा तुतवार, वाळल्या काडीवर बसणारा गप्पीदास. नशीब असेल तर पाण्यावर नारिंगी रंगाची चक्रवाकाची जोडीही दिसते. चक्रवाकाची वीण लडाख-तिबेटकडची. धोबी तर हिमालयातून आणि त्याही पलीकडून येतो.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त पुण्याला असतो. गेल्या थंडीत कॅमेरा घेऊन आला. लोकलने कामशेत, तिथून जीपने पवनानगर. पहिल्या दिवशी हिरमुसून परतला. "काका, मी चार पावलं टाकली की सगळे उडतात. तुमच्या नांगरामागे मात्र धोबी बिनधास्त फिरतो!"

मी म्हटले, "अरे, बैल त्याच्याकडे बघत नाही. तू बघतोस, आणि सरळ त्याच्यावर चालून जातोस."

दुसऱ्या दिवशी त्याला उजाडण्यापूर्वीच काठावर बसवले. अंगावर घोंगडी, पाठ उगवतीकडे, कॅमेरा जमिनीलगत. तासभर काही नाही. मग ऊन आले आणि धोबी आपणहून दहा हातांवर येऊन किडे वेचू लागला. तो फोटो आज आमच्या माजघरात आहे.

यात गंमत आहे, तसा पक्ष्याच्या जिवाचा प्रश्नही आहे. मार्च-एप्रिलात या जिवांना शेकडो कोस परत जायचे असते. त्यासाठी अंगात चरबी साठवावी लागते, ती इथल्याच किड्या-दाण्यांवर. दर वेळी उडवले की चरणे थांबते आणि साठवलेले खर्ची पडते. भर कामाच्या दिवसांत आपण बैलाला वैरणीवरून दहा वेळा उठवले, तर तो औत ओढील का?

म्हणून, बंधू-भगिनींनो, आपल्या बांधावर कोणी कॅमेरेवाला आला तर त्याला चार गोष्टी अवश्य सांगा. पक्ष्याने चरणे सोडून मान वर केली की थांबावे, पुढे जाऊ नये. उडतानाचा फोटो हवा म्हणून खडा मारू नये. बरोबर कुत्रा असेल तर बांधून ठेवावा. मार्चनंतर टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती मातीच्या ढेकळांत ओळखूही येत नाहीत, तेव्हा पाऊल जपून टाकावे. धरणाकाठी आपल्यातलेच कित्येकजण तंबू लावून पोट भरतात. त्यांनी रात्री कर्णा बंद ठेवला, तर पाहुण्यांनाही झोप लागेल आणि पक्ष्यांनाही.

आणि आपल्या घरासाठी एक काम. यंदा पहिला धोबी ज्या दिवशी अंगणात दिसेल, त्या तारखेला पोरांकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून घ्या. शेवटचा दिसेल तेव्हा दुसरी. चार-पाच वर्षांच्या खुणा जमल्या की पाहुणे लवकर येतात की उशिरा, हे तुमच्या पोरांनाच सांगता येईल. त्याला कॅमेराही लागत नाही.