शालूचं पुढं काय झालं?

गरिबाचं पोर आणि बंगल्यातली पोरगी, किंवा उलट, ही जोडी आमच्या पिढीनं इतक्या वेळा पाहिली की पडद्यावर बंगला दिसला की आम्ही झोपडी कधी येते याची वाट बघायचो. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पालममध्ये सिनेमा बघायचा म्हणजे पूर्वी दोनच मुहूर्त. एक मार्गशीर्षातली माळेगावची जत्रा. खंडोबाचं दर्शन, घोड्या-गाढवांचा बाजार, तमाशाच्या राहुट्या आणि तंबूतला सिनेमा, असं सगळं एकाच फेरीत उरकायचं. दुसरा मुहूर्त गणपतीचा. वर्गणीतून भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, रात्रीतून तीन पिक्चर लावायचे आणि तिसऱ्याला जो जागा राहील तो खरा भक्त.

'बॉबी' माझ्या थोरल्या चुलतभावांच्या वयाचा. 1973 चा. कोळ्याच्या पोरीवर शेठजीचं पोरगं भाळतं, हे ते आम्हाला असं सांगायचे की जणू यांच्याच वर्गात घडलेलं. आमच्या वाट्याला 'मैंने प्यार किया' आला. तो 1989 अखेर मुंबईत लागला आणि आमच्या गल्लीत पोचेपर्यंत मी हायस्कूलला होतो.

ती रात्र मला पिक्चरपेक्षा बसण्याच्या व्यवस्थेसाठी लक्षात आहे. टीव्ही टेबलावर. पुढं खुर्च्या, त्या ज्यांच्या घरून आल्या त्यांच्यासाठीच. खुर्च्यांमागं सतरंजी, तिच्यावर दुकानदार, मास्तर, तलाठ्याच्या घरची मंडळी. सतरंजी संपली की पोती. पोती संपली की माती, आणि मातीच्याही पलीकडं, उजेड जेमतेम पोचेल तिथं, गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं उभी. कुणी कुणाला 'तू इथं बस' असं सांगितलं नव्हतं. ज्याला त्याला आपली जागा पाठ होती. आणि पडद्यावर एक मेकॅनिक आपल्या श्रीमंत मित्राला ठणकावत होता की माझ्या लेकीचीही इज्जत आहे. खुर्चीवरचे, सतरंजीवरचे आणि मातीतले, सगळ्यांनी एकदमच टाळ्या वाजवल्या.

पुढं मुलीचा बाप अट घालतो की, तू स्वतः राबून महिन्याला दोन हजार कमवून दाखव. सलमान खान दगडाच्या खाणीवर जातो, ट्रक चालवतो, घाम गाळतो. आमच्या सतरंजीवर बायका डोळे पुसत होत्या. मागून एक ऊसतोड्या मोठ्यानं म्हणाला, "महिन्याला दोन हजार? कुठंय बा ती खाण? मलाबी पत्ता द्या की." हसून हसून पुरे झालं. पिक्चर म्हणत होता की पोराची परीक्षा आहे, आणि मागच्या रांगेला ती नोकरीची जाहिरात वाटत होती. सिनेमावर एवढी नेमकी समीक्षा मी नंतर कुठल्या मासिकात वाचली नाही.

आमच्या हायस्कुलातही प्रेमं होती. वहीत ठेवलेली चिठ्ठी, प्रार्थनेच्या वेळी रांगेतून मागं वळून बघणं, संक्रांतीचा तिळगूळ देताना थोडी जास्त थांबलेली बोटं. त्यापलीकडं फारसं काही नाही. पण ही प्रेमं संपायची कशी, हे एकाही पिक्चरनं मला दाखवलं नव्हतं. मुलीचा बाप बंदूक घेऊन यायचा नाही. दिवाळी यायची. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक किंवा ट्रॅक्टर वस्तीवर लागायचा, त्यात भांडीकुंडी, कोंबड्या, शेरडं, लेकरं चढायची आणि आमच्या वर्गातली काही पोरं पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर निघून जायची. गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायची तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असायची. ज्याच्यासाठी एखादी प्रार्थनेत मागं वळून बघायची, तो सुट्टीनंतर तिथं नसायचाच. ना भांडण, ना ताटातुटीचं गाणं. हजेरीत त्याच्या नावापुढं 'गै' लागत जायचं.

पुढं मी मास्तर झालो, त्याच तालुक्यात, आणि हजेरीचा तो रकाना माझ्याच हाती आला.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' मी डी.एड.नंतर वाचली, सिनेमा 2011 नंतर पाहिला. आणीबाणीच्या काळातला जोशी आणि त्याची शिरोडकर. मला तो आवडला, पण परका वाटला. तिथल्या मुलांना प्रेमात पडायला वेळ आहे. शाळा सुटल्यावर अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन गप्पा मारायला संध्याकाळ आहे. आमच्या पोरांना संध्याकाळी म्हशीला पाणी असतं, कापसाच्या दिवसांत वेचणी असते आणि लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांतली पोरं शाळेतच येऊ शकत नाहीत. शिरोडकर शेवटी गाव सोडून जाते. आमच्याकडंही मुली गाव सोडून जातात, फक्त बापाची बदली झाली म्हणून नव्हे.

2014 साल मात्र विलक्षण होतं. जानेवारीत 'टाईमपास' आला आणि बरोबर 14 फेब्रुवारीला 'फँड्री'. पहिल्यात दहावी नापास दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता. (हीच केतकी माटेगावकर 'शाळा'तली शिरोडकर. मराठी सिनेमानं वर्गातली चांगल्या घरची मुलगी म्हणून तिला बराच काळ नेमूनच टाकलं होतं.) 'टाईमपास'वर आमची पोरं महिनाभर हसली. 'फँड्री'वर हसली नाहीत. व्हॅलेंटाइन डेला प्रदर्शित झालेल्या त्या सिनेमात प्रेम म्हणावं असं एक वाक्यही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जब्या वर्गातल्या शालूकडं बघतो, जीन्ससाठी पैसे जमवतो, तिला वश करायला काळी चिमणी शोधत रानोमाळ हिंडतो. आणि शेवटी तिच्याच देखत त्याला डुकरं धरावी लागतात. धरता धरता शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, तेव्हा सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. मेलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले. असल्या भिंती परभणी जिल्ह्यात गावोगावी आहेत. त्यांच्यासमोरून काय काय गेलं याचा हिशेब दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी पहिल्यांदा मांडला. त्यांना पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा.

'फँड्री' आम्ही शाळेत प्रोजेक्टरवर दाखवला. जब्या कॅमेऱ्यावर दगड भिरकावतो तिथं पडदा काळा झाला आणि वर्ग गप्प बसला. मी चर्चेची तयारी करून गेलो होतो. जात, श्रम, अपमान, सगळे मुद्दे कागदावर. नववीतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, शालूचं पुढं काय झालं?"

मी उत्तर जुळवेपर्यंत मागच्या बाकावरून दुसरीच म्हणाली, "काय व्हायलंय, लगीन झालं असंल." सगळ्या मुली हसल्या. मुलं हसली नाहीत, त्यांना विनोद कळला नसावा.

त्या प्रश्नानं माझे जुने पिक्चर उलटेपालटे करून टाकले. या सगळ्या गोष्टी पोराच्या आहेत. मुलगी म्हणजे त्याची उंची मोजायची पट्टी. तो तिच्यापर्यंत पोचला की जिंकला, नाही पोचला की दगड. अमेरिकेतही फार वेगळं नाही. जॉन ह्यूजेसनं लिहिलेला 'प्रिटी इन पिंक' 1986 चा. त्यात निदान गरीब मुलगीच नायिका आहे. मूळ शेवटात ती आपल्यासारख्याच, मैत्री निभावणाऱ्या मुलाबरोबर राहत होती. चाचणीच्या खेळाला प्रेक्षकांना ते रुचलं नाही, म्हणून शेवट पुन्हा चित्रित करून तिला श्रीमंत मुलाच्या हवाली केलं. वर चढून जाणं तिथल्या पब्लिकलाही हवंच होतं.

'सैराट'नं पट्टीच्या हातात सूत्रं दिली, हे त्याचं मोठेपण. 29 एप्रिल 2016. ट्रॅक्टर हाकणारी, बुलेट चालवणारी, स्वतःहून बोलायला जाणारी आर्ची. त्या उन्हाळ्यात गावातल्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायला रांग होती आणि एकही वरात 'झिंगाट'शिवाय निघत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात आमच्या दहावीतल्या एका मुलीची पत्रिका शाळेत आली. तिची जन्मतारीख आमच्या रजिस्टरला होती, सोळा पूर्ण व्हायला अवकाश होता. मी आणि आमचे एक शिक्षक तिच्या घरी गेलो. बाप भला माणूस, चहा दिल्याशिवाय सोडेना. म्हणाला, "सर, आम्ही दोघं कारखान्यावर गेल्यावर हिला कुणाच्या भरवशावर ठेवू? सैराट बघितलाव का न्हाई तुम्ही?"

याला काय म्हणावं! पळून गेलेल्या पोरीला मारणाऱ्या घराची गोष्ट सांगणारा सिनेमा, आणि तो बघून बाप ठरवतो की पोरगी पळायच्या आत उजवावी. त्यात हिशेबही होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, जोडी असली की मुकादम उचल पूर्ण देतो. लग्न मागं पडलं तर नव्या हंगामाची उचल हातची जात होती. लग्न झालं, आम्ही सांगितल्यामुळं पत्रिकेवरच्या तारखेच्या आधीच, दुसऱ्या गावात. 'झिंगाट' तिथंही वाजलं, असं मुलींकडून कळलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 48 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा 22 च्या आसपास होता, आपला त्याच्या दुपटीहून जास्त. शहरातल्या समीक्षकानं किशोरवयीन प्रेमाच्या सिनेमात 'निरागसता' शोधावी, त्याला हरकत नाही. आमच्याकडं त्या वयात निम्म्या पोरींच्या गळ्यात काळी पोत असते. बंगला आणि झोपडी यांच्यातली दरी खरी आहेच, जातीची तर त्याहून खोल. पण झोपडीतल्या झोपडीतही, एकाच वस्तीतल्या पोरा-पोरीला शाळेतली चार वर्षं सलग मिळत नाहीत, हे दाखवणारा सिनेमा अजून यायचा आहे.

पडद्याबाहेरची आर्ची मात्र मी वर्गात दरवर्षी सांगतो. 'सैराट'नंतर गर्दी मागं लागली म्हणून अकलूजच्या रिंकू राजगुरूला नेहमीची शाळा सोडावी लागली. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, 2017 ला बाहेरून दहावी दिली आणि 66 टक्के मिळवले. 2019 ला बारावी, 82 टक्के. तिच्या बुलेटपेक्षा मला ह्या मार्कलिस्टचं कौतुक जास्त आहे.

तो फॉर्म फक्त नट्यांसाठी नसतो. लग्न झालेली, कारखान्यावरून परतलेली, शाळेतून नाव कमी झालेली, कुठलीही मुलगी तो भरू शकते. तुमच्या भावकीत, शेजारी, वस्तीवर अशी एखादी असेल तर पावसाळ्यात फॉर्म सुटले की तिला शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो घेऊन जवळच्या हायस्कुलात पाठवा. सासरचे नाही म्हणाले तर तुम्ही सोबत जा.