क्षणभराचा उजेड

कॅमेऱ्याने काढलेल्या चित्राला आपण 'छायाचित्र' म्हणतो. वस्तुतः ते उमटते प्रकाशाने; मग त्याला नाव सावलीचे का मिळावे? परंतु नाव ठेवणाऱ्याने मर्म नेमके ओळखले होते. नुसता उजेड कागद पांढरा करतो. नाकाची धार, गालाचा उभार, कपाळावरची आठी हे सारे दिसते, ते उजेडाच्या शेजारी सावली असते म्हणून. उजेड किती, कोणत्या बाजूने आणि कसा पडू द्यावा, हे ज्याला कळले, त्यालाच छायाचित्र साधले.

आमच्या लहानपणी, १९७० च्या सुमारास, लग्नकार्याला तालुक्याच्या गावाहून फोटोग्राफर येई. त्याच्या कॅमेऱ्याला एक चकचकीत वाटी जोडलेली असे आणि तिच्या मध्यभागी लहानसा काचेचा दिवा. अंतरपाट दूर होताच लख्ख प्रकाश पडे, म्हाताऱ्या बायका दचकून डोळे मिटत, आणि आम्ही मुले धाव घेत असू ती जळालेल्या दिव्याकडे. तो निवेपर्यंत हातात धरवत नसे. त्या काचेत प्राणवायू आणि केसासारख्या बारीक धातुतारांचे जाळे भरलेले असे. विजेचा स्पर्श होताच ते सारे निमिषार्धात भस्म होई. एका दिव्याचे एकच चित्र! म्हणूनच की काय, तो फोटोग्राफर दिवा पेटवण्यापूर्वी बराच वेळ समोर पाहत राही.

या दिव्याच्या आधीचा काळ अधिक धोक्याचा होता. १८८७ मध्ये मीथे आणि गेडिके या दोन जर्मन गृहस्थांनी मॅग्नेशियमच्या चूर्णात इतर द्रव्ये मिसळून क्षणात भडकणारी भुकटी तयार केली. तिच्याने उजेड लख्ख पडे, पण धूरही कोंडे आणि कधी कधी आगही लागे. ही भुकटी घेऊन जेकब रीस नावाचा एक वार्ताहर न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत शिरला. मूळचा हा डेन्मार्कचा. दारिद्र्य त्याने स्वतः भोगले होते. पाच सेंट देऊन रात्रीपुरती जागा मिळवणारी माणसे ज्या कोंदट खोल्यांत दाटीवाटीने निजत, तेथे खिडकीच नसे. मग दिवसाचा तरी उजेड कोठून येणार? रीसच्या चित्रांत तो अंधार प्रथमच उजेडात आला. १८९० मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि सुखवस्तू समाज अस्वस्थ झाला. त्याच्यासारख्या अनेकांच्या खटपटीतून १९०१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कायदा झाला, आणि नव्या चाळींतील प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आवश्यक ठरली. क्षणभराच्या उजेडाने कायमचा उजेड आणला, तो असा.

तरीही ती चित्रे पाहताना माझे मन दुसरीकडेही ओढ घेते. झोपेतून दचकून उठलेली ती माणसे डोळे किलकिले करून पाहत आहेत. त्यांना कोणी विचारले होते का? उजेड उपकार करतो, तसा तो अपमानही करू शकतो.

पुढे शास्त्रज्ञांनी उजेडाला अधिक चपळ केले. अमेरिकेतील हॅरोल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा साठा एकदम सोडला आणि सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता प्रकाश पाडला. दुधाचा थेंब पडताच उसळणारा मुकुट त्यांनी १९५७ मध्ये टिपला, तर १९६४ मध्ये सफरचंद भेदून जाणारी बंदुकीची गोळी. आपल्या डोळ्यांना जे कधीच दिसले नसते, ते या उजेडाने दाखवले.

परंतु साधन कितीही चपळ झाले, तरी उजेडाचा स्वभाव बदलत नाही. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून समूहाच्या छायाचित्रात पुढची रांग पांढरीफटक आणि मागची काळोखात, असे घडते. दुसरा नियम सावलीचा. दिवा लहान असेल तर सावली कडक कडांची पडते. उजेड विस्तीर्ण पृष्ठभागावरून आला तर सावलीच्या कडा विरघळतात. ढगाळ दिवशी सावल्या किती मऊ होतात, हे आपण नित्य पाहतो. १९५६ च्या 'अपराजितो' या बंगाली चित्रपटासाठी सुब्रत मित्र यांनी याच तत्त्वाचा उपयोग केला. काशीच्या घराचे अंगण त्यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभे केले, वर कापड ताणले आणि खालून दिव्यांचा झोत त्यावर सोडला. तेथून उतरलेला उजेड खऱ्या आकाशाचाच वाटला.

आमच्या गावात माझ्या एका विद्यार्थ्याचा स्टुडिओ आहे. संध्याकाळी मी तेथे जाऊन बसतो. एकदा एक वृद्ध मजूरबाई आली. निराधारांच्या वेतनाच्या अर्जासाठी तिला फोटो हवा होता. ती अंग चोरून बसली. त्याने दिव्याचे तोंड तिच्याकडून वळवून पांढऱ्या छताकडे केले आणि, "आजी, पाऊस कसा आहे तुमच्याकडे?" असे विचारले. तिने मान वर केली, आणि कळही दाबली गेली. मी म्हणालो, "अर्जाच्या फोटोसाठी इतका खटाटोप?" तो हसून म्हणाला, "सर, उजेड माणसाच्या अंगावर फेकायचा नसतो. तो फिरून त्याच्यापर्यंत येऊ द्यायचा." म्हातारीने फोटो निरखून पाहिला आणि आणखी एक प्रत मागितली, घरी भिंतीवर लावायला.

त्याचे ते वाक्य ऐकून मला माझे वर्ग आठवले. ज्ञानही मुलांच्या तोंडावर फेकले तर ती डोळे मिटून घेतात.

अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांसमोर असा झोत पाडण्यास मनाई आहे, कारण प्रखर प्रकाशाने जुने रंग विटतात. तेथे भिंतीपुढे थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे लागते. हळूहळू डोळे अंधाराला सरावतात, आणि कमळ धरलेला पद्मपाणी काळोखातून पुढे येतो. दिवा हाती असूनही तो कोठे लावू नये, हे ओळखणे हाही प्रकाशविद्येचाच एक धडा होय.